एक मडकं वाल

"वैनी, या तुकड्यात आता मीठ पिकंल. वाल नाय पिकायचे."

काशिराम असं बोलला आणि हसला. हसला तिथंच चुकला. नुसतं बोलला असता तर मी ऐकून घेतलं असतं, कदाचित सहीसुद्धा केली असती. पण माझ्या ओट्यावर बसून, माझा चहा पिऊन, वर मलाच दात दाखवायचे? अरे वा!

काशिराम माझा धाकटा दीर. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा त्याचं नाक मी पुसलंय. आता त्याचे दोन डंपर हायत, गळ्यात बोटभर जाड साखळी हाय आणि बोलताना फोन कानाला लावूनच बोलतो. माणूस वाईट नाय. पण रिकामी जमीन दिसली की तिच्यात भराव टाकल्याशिवाय त्याला चैन पडत नाय. त्या दिवशी तो एका कंटेनरवाल्याला घेऊन आलेला. त्याला ट्रेलर उभे करायला जागा हवी होती आणि काशिरामनं दाखवला आमचा खाडीलगतचा तुकडा. सातबाऱ्यावर दोघांची नावं हायत, त्याचं आणि माझं, म्हणून माझी सही लागणार होती.

हा तुकडा कसला होता ते पनवेलात कुणालाही विचारा. भात निघालं की आमी त्यात वाल टाकायचो. थंडी पडली, पोपटीचे दिवस आले, की कामोठ्याची, रोडपालीची लोकं गाड्या घेऊन बांधावर उभी राहायची. "मावशी, याच शेतातल्या द्या हं." शेंग अशी भरलेली की दाणा सालीतून मोजून घ्यावा. पोपटी म्हंजे काय ते आमच्याकडं पोरालाही ठावं असतं, पण तुमी लांबचे असाल तर सांगते. मडक्यात भांबुर्डीचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा आणि जाडं मीठ. वरून पुन्हा पाला कोंबायचा, मडकं शेतातच उपडं ठेवायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. शेंगा आपल्याच वाफेवर शिजतात. बस. दुसरं काय लागत नाय.

पण आदल्या सालच्या पावसाळ्यात उधाण आलं आणि खाडीचा बांध फुटला. माझ्या नवऱ्यानं आयुष्यभर ज्या बांधाला चिखल लावला तोच. बरं, तो हे बघायला नव्हता, आधीच गेला होता. त्याच्या जाण्यावर रडले त्याहून मी त्या दिवशी जास्त रडले, हे कुणाला सांगितलेलं नाय. खारं पाणी शेतात उभं राहिलं. बांध गावानं पुन्हा बांधला, पण पाणी ओसरल्यावर उन्हात जमिनीवर पांढरी पापडी धरली. पुढच्या थंडीला वाल टाकले, ते बोटभर उगवले आणि बसले ते बसलेच.

म्हणून काशिराम हसत होता.

मी बोलले, "एक हिवाळा थांब. या तुकड्यातल्या वालानं पोपटीचं एक मडकं भरलं, तर इथं भराव पडणार नाय, कधीच नाय. नाय भरलं, तर तू सांगशील तिथं सही करते."

"एकच मडकं?"

"एकच."

"हात मार."

मारला. कंटेनरवाला आमच्याकडं येड्यासारखा बघत राहिला. त्याला काय माहीत, आमच्यात हात मारला की पुढं कागद लागत नाय.

मला एवढा जोर कशावर होता? माझ्या पोरीवर. कोमलनं झाडाझुडपांचं शिक्षण घेतलंय आणि ती कामोठ्यात एका क्लासला शिकवते. गेलं वर्षभर तिचं एकच तुणतुणं चालू होतं. शेवाळ, शेवाळ. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा घासणी घेऊन टाकीकडंच निघाले होते.

"अगं आई, टाकीतलं नाही, समुद्रातलं! ते जन्मभर खाऱ्या पाण्यात राहतं ना? मीठ कसं सोसायचं ते त्याच्या अंगात असतं. त्याचा अर्क काढून झाडावर फवारला की झाडालाही ती ताकद येते."

"म्हंजे जमिनीतला खार जाईल?"

"नाही. खार पावसानं जाईल, गोड्या पाण्यानं जाईल, हळूहळू. शेवाळ खार काढत नाही. झाड खारात टिकतं, मुळं धरतं, एवढंच."

"तापट सासूच्या हाताखाली सून घट्ट होते तसं?"

"तसंच समज," ती हसली. "तुझ्याकडून शिकावं."

पोरगी उलट बोलते, पण मला आवडतं.

आता समुद्रातलं शेवाळ आणायचं कोण? त्यासाठी जनी होती. जनी उरणच्या करंज्याची कोळीण, पनवेलच्या मासळी बाजारात बसते. तिची माझी ओळख भांडणातून झाली. मी तिची पापलेटं शिळी हायत बोलले आणि ती मला बोलली, तुझं तोंड शिळं हाय. तेव्हापासून मी दुसरीकडून मासळी घेत नाय. तिला सांगितलं, ओहोटीला खडकावरचं, वाळूवर आलेलं शेवाळ भरून आण. ती बोलली, "खाणार हाय काय?" मी बोलले, "वालांना खायला घालणार हाय." तिनं कपाळाला हात लावला, पण दुसऱ्याच दिवशी मासळीच्या टेम्पोतून पाटीभर पाठवून दिलं.

ते पहिलं शेवाळ ताजं होतं. कोमलनं ते गोड्या पाण्यात खळखळून धुतलं, शिजवलं, गाळलं. अर्काचा रंग चहासारखा आणि वास, देवा! मांजरं दारात धरणं धरून बसली. त्या अर्कात कोमलनं वालाचं बी भिजवलं आणि कार्तिकात पेरलं. आणि खरं सांगते, उगवलं. मागच्यासारखं बोटभर नाय, चांगलं टचटचीत उगवलं. रोज सकाळी मी बांधावरून काशिरामच्या घराकडं बघून मोठ्यानं खोकायची.

मग मार्गशीर्ष लागला. पनवेलात निम्मं गिऱ्हाईक महिनाभर मासळीला हात लावत नाय, म्हणून जनी रोज यायची बंद झाली. कोमलला तर फवाऱ्यासाठी पुष्कळ शेवाळ हवं होतं. तिनं जनीला फोन केला. मी शेजारीच उभी होते. "मावशी, ओलं टिकणार नाही. सुकवून आणा." जनी बोलली, "त्यात काय? सुकवते." झालं. एवढंच बोलणं.

जनीनं गोणी भरभरून पाठवल्या. कोमलला क्लासची घाई. सुकं शेवाळ, त्याला काय धुवायचं, म्हणून सरळ ड्रममध्ये भिजवलं, उकळलं, गाळलं, पाणी मिसळलं आणि फवारलं. थोडं मुळांशीही ओतलं, जरा जास्त जोर येऊ दे म्हणून. मी स्वतः ओतलं, प्रेमानं.

आणि दोन-तीन दिवसांत पानांच्या कडा करपल्या.

आधी पिवळ्या, मग तपकिरी, मग पान हातात घेतलं की कुरकुरीत पापड. खालच्या अंगाची, बांधालगतची रोपं तर मान टाकूनच बसली. कोमल शेतात उकिडवी बसली आणि रडायला लागली. "माझंच चुकलं, मीच प्रमाण चुकवलं. बाबांचं शेत माझ्यामुळं जाणार."

मला तिच्या रडण्याचा राग आला. माझी पोरगी कुणासमोर रडली की मला राग येतो, स्वतःवर, तिच्यावर, सगळ्यांवर. बोलले, "गप! मडकं भरायला अजून वेळ हाय."

काशिरामला बातमी कशी लागते देव जाणे. संध्याकाळी डंपर घेऊन हजर. मुरमानं भरलेला डंपर त्यानं शेताच्या तोंडाशी लावला आणि खिडकीतून डोकं काढून बोलला, "वैनी, मडकं कुठलं घेतलंस? कुंकवाच्या करंड्याएवढं? आणि त्यात मीठ नको घालूस हां, या शेतातल्या शेंगा आयत्याच खारट असतील."

जखमेवर मीठ चोळणं म्हंजे हेच. डंपर त्यानं तिथंच ठेवला, मुद्दाम, रोज सकाळी माझ्या नजरेला पडावा म्हणून.

दुसऱ्या दिवशी राग काढायला मी ड्रम घासायला घेतला. घासता घासता पाणी तोंडावर उडालं, ओठाला लागलं. मी चाटलं. मग बोट ड्रममध्ये बुडवून पुन्हा चाटलं.

"कोमल! इकडं ये. चाट."

"आई, काहीतरीच काय?"

"चाट बोलते ना!"

तिनं चाटलं आणि तिचे डोळे मोठे झाले. नुसतं समुद्राच्या पाण्यासारखं खारट नाय, खाऱ्या सुरमईसारखं खारट. मी उरलेली गोणी उपडी केली. शेवाळाखाली, तळाला, जाड्या मिठाचे खडे. पांढरेशुभ्र, एकेक वालाच्या दाण्याएवढा.

पदर खोचला, रिक्षा पकडली आणि पनवेलचा मासळी बाजार गाठला. त्या दिवशी जनी आली होती. तिच्या पाटीसमोर मी अशी उभी राहिले की शेजारच्या कोळणींनी कोयते खाली ठेवले, तमाशा बघायला.

"जने, तू शेवाळात मीठ टाकलंस?"

"मग? टाकणारच!" तिला वाटलं मी शाबासकी द्यायला आलेय. "चांगलं जाडं मीठ लावलं, थरावर थर. मिठाचं काय मनात आणू नको, ते माझ्याकडून."

"कुणी सांगितलं होतं तुला मीठ लावायला?"

"तुझ्या पोरीनं! सुकवून आणा बोलली ना?"

"सुकवून बोलली, खारवून नाय!"

"अगो बाय," जनी उभी राहिली, "बोंबील नुसता सुकतो, तो पातळ असतो. हा पाला लुसलुशीत. नुसता वाळत घातला तर सडंल, किडे पडतील. अशी मऊ वस्तू आमी खारवूनच सुकवतो. माझ्या आयनं तेच केलं, तिच्या आयनं तेच केलं. तुझी पोर शिकलेली हाय, तिनं सांगायचं ना, अळणी सुकवा म्हणून!"

जनीची चूक नाय, पोरीची चूक नाय. एकाच शब्दाचे दोघींच्या घरात दोन अर्थ. भांडायला आले होते, पण भांडण कुठं धरावं ते कळंना. मी मटकन खाली बसले, मासळीच्या पाण्यातच, आणि तिला सगळं सांगितलं. वाल करपले, काशिरामनं डंपर आणून लावला, मडकं नाय भरलं तर सही करावी लागणार.

जनी ऐकत होती, तसा तिचा चेहरा उतरत गेला. मग तिनं पाटी शेजारणीच्या हवाली केली. "चल. खारवलेलं उतरवायचं कसं, ते पण आमालाच येतं."

आणि ती आली. पंपानं आमी तळ्याचं गोडं पाणी शेतात सोडलं, मुळांतला खार खाली जाऊ दे म्हणून. एकदा भरलं, निचरू दिलं, पुन्हा भरलं. इकडं जनी ओट्यावर फतकल मारून बसली आणि उरलेलं शेवाळ भिजवायला लागली. खारी मासळी कालवणात टाकण्याआधी धुतात तसं. भिजवायचं, पिळायचं, पाणी फेकायचं, पुन्हा भिजवायचं. दर पाण्याला ती चाखायची आणि थुंकायची. "अजून हाय." पुन्हा धुवायची. "अजून हाय." शेवटी बोट चोखून बोलली, "अळणी. घे, घाल तुझ्या वालांना."

कोमलनं आधी एकाच ओळीवर फवारलं आणि वाट बघितली. करपलं नाय, तेव्हा बाकीच्यांवर. पण एक ओळ तिनं मुद्दाम अर्काशिवाय ठेवली. तिला विचारलं तर बोलली, "फरक कळायला हवा ना. नाहीतर उद्या काका म्हणतील, नुसत्या पाण्यानंच आलं." मी त्या ओळीचं नाव उपाशी ओळ ठेवलं. मला तिची कीव यायची, पण पोरीनं हात लावू दिला नाय.

बांधालगतचा भाग गेला तो गेलाच. सगळं परत आलं असं मी सांगणार नाय. पण वरच्या अंगाला नवी पानं फुटली, हिरवीगार, तळहाताएवढी. पौषात फुलं लागली. उपाशी ओळीतही लागली, पण वाऱ्यानं गळून गेली, रोपं गुडघ्याच्या वर गेलीच नायत. शेजारची ओळ मात्र फुलं धरून बसली आणि एका सकाळी दव पडलेलं असताना मी पान उचललं, तर खाली शेंग. चपटी, कोवळी, नखाएवढी. मी तिथं एकटी होते. नवऱ्याचं नाव घेऊन मोठ्यानं हाक मारली. कुणी ऐकलं असेल तर ऐकू दे.

माघात काशिरामला निरोप धाडला, रविवारी दुपारी ये, पोपटी लावायची हाय.

आला. आणि मडकं घेऊन आला! मडकं कसलं, रांजणच. लग्नात पाणी भरायला ठेवतात तेवढा.

"हे काय रं?"

"मडकं," तो बोलला. "केवढं ते कुठं ठरलं होतं?"

कोमल चिडली. "काका, हे चीटिंग आहे!" जनीही आली होती, तिनं तर कमरेवर हात ठेवून त्याला त्याच्या सात पिढ्यांसकट धुतलं. पण माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. बोलले, "ठेव. हेच भरते. आणि बटाटा नाय, अंडी नाय, कोंबडी नाय. नुसते वाल."

तोडायला लागलो. मी, कोमल, जनी. टोपल्या भरल्या, मडक्यात ओतल्या. पाला, शेंगा, ओवा, पुन्हा शेंगा. मडक्याचं पोट काय भरंना. ओळीमागून ओळ संपत गेली. काशिराम डंपरच्या सावलीत उभा राहून बघत होता. शेवटची टोपली ओतली आणि मी आत हात घातला. गळ्याला चार बोटं कमी होती.

शेत रिकामं झालं होतं. कोमलनं माझ्याकडं बघितलं.

काशिराम सावकाश आला. मडक्यात वाकून बघितलं, मग शेताकडं. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे कसं तोडलंय?" तो बोलला.

"कसं म्हंजे?"

"वरवरचं तोडलंय. शेंडे बघून तोडलंय. बुडाशी कोण बघणार? दादानं तुमाला एवढं पण शिकवलं नाय?"

आणि पँट वर ओढून तो शेतात उतरला. साखळी मागं टाकली, वेल उलटा केला, आणि बुडाच्या पानाआडून शेंगांचा घोस ओढला. मग दुसरा वेल, मग तिसरा. लहानपणी याच्या पाठीवर माझ्या नवऱ्यानं याच शेतात धपाटे घातलेले, शेंग वेलावर सोडली म्हणून. ते हात काय विसरत नायत. आमी तिघी बघत राहिलो. कोमल काही बोलणार होती, मी तिच्या तोंडावर हात ठेवला. त्यानं शर्टाचा ओचा भरून शेंगा आणल्या आणि मडक्यात ओतल्या. गळ्याला लागल्या.

तेव्हा त्याला कळलं आपण काय केलं ते.

"भरलं," मी बोलले.

"भरलं," तो बोलला. आणि वर, "पण खाऊन तर बघू दे. खारट निघाल्या तर?"

पाला कोंबला, चौघांनी मिळून तो रांजण उपडा केला, पेंढा रचला, पेटवलं. उन्हं उतरायला लागली होती. मडक्यावर पाणी शिंपडलं, ते चर्रकन उडालं, तेव्हा विस्तव बाजूला सारला आणि मडकं सुपात उलटं केलं. भांबुर्डीचा वास सुटला. दोन वर्षं तो वास आमच्या शेतात आला नव्हता. माझे डोळे भरून आले, धुरानं नाय.

पहिली शेंग मी काशिरामच्या हातावर ठेवली. त्यानं सोलली. दाणे टपोरे, वाफाळलेले. तोंडात टाकले, चावले. पुन्हा चावले. आमी तिघी त्याच्या जबड्याकडं बघत होतो.

"वैनी," तो बोलला, "हे अळणी हाय."

"काय बोललास?"

"अळणी हाय गो! मीठच नाय टाकलंस. मीठ दे."

कोमल जी हसायला लागली, ती बांधावरच बसली. जनी हसली. मी मात्र तोंड घट्ट मिटून ठेवलं. मार्गशीर्षापासून ज्या वाक्याची वाट बघत होते ते कानांत नीट मुरू दिलं.

"मीठ?" मी बोलले. "या तुकड्यात मीठच पिकणार होतं ना रं? जा. वेचून आण."

काशिरामनं शेताकडं बघितलं. मग माझ्याकडं. मग तोही हसायला लागला, अगदी दादासारखा, पोट धरून. "पुरे, वैनी. हरलो. तो मुरूम उद्या बांधावर टाकतो, खेकड्यांनी भोकं पाडलीत तिकडं. पण आता मीठ दे, पाया पडतो."

घरून मी मीठ आणलंच नव्हतं, मुद्दाम. पण जनीनं कनवटीची पुडी सोडली. कोळीण ती, मिठाशिवाय घराबाहेर पडत नाय. चिमूट धरली आणि माझ्याकडं बघितलं, परवानगी मागितल्यासारखं.

"टाक," मी बोलले. "पण बेतानं."